वाचकांचे प्रश्न : वजन घटवण्याच्या इंजेक्शनची मात्रा किती वेगाने वाढवावी?

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांविषयी आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेला आहे: मात्रा किती लवकर वाढवता येईल? त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ही उत्तरे वाचून कोणीही आपली मात्रा स्वतःहून बदलू नये. आपल्या डॉक्टरांना नेमके काय विचारावे आणि काय सांगावे, हे त्यांतून स्पष्ट व्हावे एवढाच हेतू आहे.

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी सेमाग्लुटाइड सुरू केले असून आठवड्याला एक याप्रमाणे ०.२५ मिलिग्रॅमची तीन इंजेक्शने झाली आहेत. मळमळ वगैरे काहीही त्रास झाला नाही. मात्र भूकही फारशी कमी झाली नाही आणि वजन जेमतेम एक किलो उतरले आहे. औषध मला सोसते आहे, तर मधल्या पायऱ्या गाळून थेट १ मिलिग्रॅमवर जायला काय हरकत आहे? प्रत्येक पायरीवर चार आठवडे काढणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवणे आहे असे वाटते.

उत्तर : हरकत आहे, आणि ती केवळ छापील वेळापत्रकाचा मान राखण्यापुरती नाही. ०.२५ मिलिग्रॅम ही मात्रा वजन उतरवण्यासाठी दिलेलीच नसते. वजन घटवण्यासाठी वेगोव्ही या नावाने मिळणाऱ्या सेमाग्लुटाइडचा ठरलेला क्रम असा आहे की, ०.२५, ०.५, १ आणि १.७ मिलिग्रॅम या प्रत्येक पायरीवर चार-चार आठवडे काढायचे आणि सतराव्या आठवड्यापासून २.४ मिलिग्रॅमवर यायचे. यातली पहिली पायरी शरीराला औषधाची सवय व्हावी एवढ्यासाठीच असते. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात भूक होती तशीच आहे म्हणून औषध लागू पडत नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि या मात्रेवर एक किलो उतरला असेल तर तो निराश होण्याजोगा आकडा नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ०.२५ मिलिग्रॅमचा पूर्ण परिणाम तुम्ही अजून अनुभवलेलाच नाही. सेमाग्लुटाइड शरीरात निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. दुसरे इंजेक्शन घेतेवेळी पहिल्यातले निम्मे औषध शरीरात शिल्लक असते, तिसऱ्याच्या वेळी आधीच्या दोन्हींचा उरलेला भाग असतो, आणि असा साठा वाढत जातो. ढोबळ हिशेब मांडला तर पहिल्या इंजेक्शननंतर शरीरात ०.२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्यानंतर सुमारे ०.३८, तिसऱ्यानंतर ०.४४, चौथ्यानंतर ०.४७, आणि पुढे ते ०.५ च्या आसपास स्थिर होते. म्हणजे सुई तीच असली तरी पाचव्या आठवड्यात शरीरातले औषध पहिल्या आठवड्याच्या जवळजवळ दुप्पट असते. जो त्रास तिसऱ्या आठवड्यापर्यंत झाला नाही तो पुढेही होणार नाही, अशी खात्री म्हणूनच देता येत नाही. साठा अजून वाढत असतानाच मात्रा चौपट केली आणि त्रास सुरू झाला, तर तो कशाचा आहे हे सांगणे अवघड होते. शिवाय घेतलेले इंजेक्शन परत काढता येत नाही. रोज घ्यायच्या पुष्कळ गोळ्या बंद केल्या की थोड्याच दिवसांत त्यांचा असर ओसरतो. सेमाग्लुटाइड मात्र शेवटच्या इंजेक्शननंतर पाच ते सात आठवडे शरीरात रेंगाळते. घाईने वाढवलेल्या मात्रेचा त्रास झाला तर तो आठवडेच्या आठवडे सोसावा लागतो.

हा त्रास का होतो, तेही सांगतो. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. सेमाग्लुटाइड त्याच्यासारखे काम करते. ते जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि भूक व तृप्ती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांवर परिणाम करते. मळमळ आणि उलटी यांच्याशी संबंधित असलेली मेंदूतील केंद्रेही या औषधाला प्रतिसाद देतात. जठर मंदावण्याचा परिणाम सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि औषध चालू राहिले की तो कमी होत जातो. पायरी-पायरीने वर जाताना शरीराला नेमकी हीच संधी मिळते.

घाईचा परिणाम टिर्झेपटाइड या आठवड्यातून एकदा घ्यायच्या अशाच दुसऱ्या औषधाच्या बाबतीत प्रयोगातच दिसून आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरुवातीच्या चाचणीत ज्या रुग्णांना भराभर १५ मिलिग्रॅमपर्यंत नेले होते, त्यांच्यात पोटाच्या तक्रारींचे प्रमाण बरेच होते. त्यानंतर कमी मात्रेने सुरुवात करून लहान पायऱ्यांनी वाढवण्याच्या पद्धती मुद्दाम तपासण्यात आल्या आणि त्या अधिक सुसह्य ठरल्या. आज हे औषध २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होते, एका वेळी २.५ मिलिग्रॅमनेच वाढवले जाते आणि प्रत्येक मात्रेवर किमान चार आठवडे थांबले जाते, त्यामागे हा अनुभव आहे. इतके जपूनही त्रास पूर्णपणे टळत नाही, हेही लक्षात घ्या. १,९६१ लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेप-१ या चाचणीत सेमाग्लुटाइडची मात्रा सोळा आठवड्यांत हळूहळूच वाढवली होती. तरी औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांना कधी ना कधी मळमळ झाली. औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते.

वेळ आणि पैसा वाया जाण्याची तुमची चिंता मला समजते. ही इंजेक्शने स्वस्त नाहीत. पण त्याच चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन कमी झाले आणि जवळजवळ साठाव्या आठवड्यापर्यंत ते उतरतच होते. एवढ्या लांबच्या उपचारात सुरुवातीचे दोन महिने वाचवून हाती फारसे काही येत नाही. उलट, उलट्यांनी हैराण होऊन औषधच सोडावे लागले, तर तोपर्यंतचा सगळा खर्च वाया जातो. चौथे इंजेक्शन ठरल्याप्रमाणे घ्या आणि नंतर डॉक्टरांच्या संमतीने ०.५ मिलिग्रॅमवर जा. लिराग्लुटाइड या अशाच आणखी एका इंजेक्शनची मात्रा दर आठवड्याला वाढवतात, असे तुम्ही कदाचित वाचले असेल. ते खरे आहे. पण ते औषध रोज घ्यायचे असते आणि सुमारे १३ तासांत निम्मे होते, म्हणून त्याच्या पायऱ्या लवकर चढता येतात. ते वेळापत्रक आठवड्याच्या इंजेक्शनला लावू नये.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा आहे. टिर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅम चार आठवडे घेतले आणि आता ५ मिलिग्रॅमवर तीन महिने झाले आहेत. वजन ११२ किलोवरून १०२ किलोवर आले आहे, अजूनही आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरते आणि काही त्रास नाही. परंतु मात्रा दर महिन्याला वाढवायचीच असते असे सगळीकडे वाचतो. मी मागे पडलो आहे का? ७.५ वर जाऊ का?

उत्तर : तुम्ही मागे पडलेला नाही, आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून आज ७.५ मिलिग्रॅमवर जाण्याचे कारण मला दिसत नाही. चार आठवडे ही एका पायरीवर थांबण्याची कमीत कमी मुदत आहे. ती संपली की वाढवलेच पाहिजे असे औषधाच्या माहितीपत्रकात कोठेही म्हटलेले नाही. २.५ मिलिग्रॅम ही केवळ सुरुवातीची मात्रा आहे, पण ५, १० आणि १५ या तिन्ही मात्रा दीर्घकाळ चालू ठेवण्यासाठी मान्य आहेत. या उपचारात सर्वांत जास्त गैरसमज मला येथेच आढळतो: सर्वांत वरची मात्रा म्हणजे उपचाराचे उद्दिष्ट, असे मानून लोक वर जात राहतात. उद्दिष्ट प्रकृती सुधारणे हे आहे. ते ५ मिलिग्रॅमवर साधत असेल, तर पाच मिलिग्रॅम ही तुमची योग्य मात्रा.

आकडे पाहा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरमाउंट-१ या चाचणीत ७२ आठवड्यांनंतर ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे वजन सरासरी १५ टक्के, १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे १९.५ टक्के आणि १५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे २०.९ टक्के कमी झाले. पहिल्या वाढीने सरासरीत साडेचार टक्क्यांची भर पडली, दुसऱ्या तेवढ्याच वाढीने दीड टक्क्याचीही नाही. दुष्परिणामांमुळे औषध सोडणाऱ्यांचे प्रमाण ५ मिलिग्रॅमवर ४.३ टक्के होते, तर वरच्या दोन मात्रांवर सहा ते सात टक्के. या सरासऱ्या आहेत. एकेका माणसाचा प्रतिसाद त्यांच्या खूप वर किंवा खूप खाली असू शकतो. तुमचे वजन चार महिन्यांत जवळजवळ नऊ टक्के उतरले आहे आणि ते अजून थांबलेले नाही.

मग वाढवायचे केव्हा? वजन एखाद्या आठवड्यात हलले नाही म्हणून मुळीच नाही; शरीरातले पाणी, मीठ, झोप, मासिक पाळी, बद्धकोष्ठता यांपैकी कशानेही काटा एक-दोन किलोने पुढे-मागे होतो. सलग चार ते सहा आठवडे वजन एका जागी थांबले, आठवडा संपण्याआधीच भूक आणि खाण्याचे विचार पूर्वीसारखे परत येऊ लागले, खाणे व हालचाल प्रामाणिकपणे सांभाळूनही हे घडत असेल, आणि तरीही गाठायचे उद्दिष्ट बाकी असेल, तर वाढवण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. त्या वेळी पोटाचा काही त्रास चालू असता कामा नये. वरच्या मात्रा शिल्लक असणे हा तुमचा फायदाच आहे. पुढे कधी वजन थबकले तर वाढवायला जागा राहते.

झपाट्याने वजन उतरणे म्हणजे उपचार उत्तम चालला आहे, असेही समजू नका. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पहिले काही आठवडे सोडले, तर सातत्याने आठवड्याला एका किलोहून बरेच अधिक वजन उतरत असताना मात्रा वाढवावी, असे मी तरी कोणाला सांगणार नाही. प्रत्येक जेवणात पुरेशी प्रथिने असावीत आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम व्हावा, इकडे लक्ष द्या. मात्रेच्या आकड्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : सेमाग्लुटाइड १.७ मिलिग्रॅमवर गेल्यापासून इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मळमळ सुरू होते आणि एक-दोन उलट्या होतात. चार-पाच दिवसांनी बरे वाटते, तोवर पुढचे इंजेक्शन येते. १ मिलिग्रॅमवर असे काही नव्हते. दोन आठवड्यांनी २.४ वर जायचे आहे. मळमळीची गोळी घेऊन पुढे जावे का? की औषध बंद करावे?

उत्तर : दोन्ही नको. या स्थितीत २.४ मिलिग्रॅमवर जाऊ नये. मळमळीची गोळी एखाद्या वाईट दिवसापुरती डॉक्टर देऊ शकतात, आणि त्यात गैर काही नाही; पण गोळीचा आधार घेऊन पुढची पायरी चढणे म्हणजे शरीर नको म्हणत असताना त्याचा आवाज बंद करणे होय. एखादी मात्रा सोसत नसेल तर वाढ चार आठवडे लांबणीवर टाकण्याचा विचार करावा, असे माहितीपत्रकातच सांगितले आहे. तुम्हाला उलट्या होत आहेत, तेव्हा डॉक्टर तुम्हाला काही काळ १ मिलिग्रॅमवर परत आणण्याचा सल्लाही देतील. एक पायरी खाली येण्यात माघार किंवा अपयश मानू नका. पुष्कळ लोक महिना-दोन महिन्यांनी तीच मात्रा पुन्हा घेऊन पाहतात आणि ती त्यांना निर्वेध सोसते. २.४ मिलिग्रॅम सोसलेच नाही, तर १.७ वरच कायम राहण्याची मुभा माहितीपत्रकात आहे. खाली आल्यावर लगेच आराम पडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. वर सांगितलेल्या साठ्याच्या हिशेबामुळे फरक जाणवायला दोन-तीन आठवडे लागतात.

दरम्यान खाण्याची रीत बदला, कारण जठर हळू रिकामे होत असताना पूर्वीच्या सवयीने जेवले की त्रास होणारच. ताटात थोडे घ्या, सावकाश खा, आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबा. एक घासही अधिक नको. तळलेले व तेलकट पदार्थ पोटात जास्त वेळ राहतात, म्हणून इंजेक्शनच्या आदल्या दिवसापासून पुढचे तीन दिवस ते टाळून पाहा. मद्य टाळा. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका. पाणी एकदम न पिता दिवसभर घोट-घोट घ्या. भूक नाही म्हणून पूर्ण उपवास केल्यानेही अनेकांना मळमळ वाढल्याचे जाणवते. बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष करू नका. पोट साफ होत नसेल तर मळमळ आटोक्यात येणे कठीण जाते.

काही लक्षणे मात्र सोसत बसण्याची नाहीत. पोटाच्या वरच्या भागात सतत तीव्र दुखणे, ते पाठीकडे जाणे, त्यासोबत उलट्या होणे, हे स्वादुपिंडाला सूज आल्याचे लक्षण असू शकते. पुढचे इंजेक्शन न घेता लगेच रुग्णालय गाठा. उजव्या बरगडीखाली दुखून ताप येणे किंवा डोळे पिवळे दिसणे, हे पित्ताशयाकडे बोट दाखवते. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, उभे राहताना चक्कर येत असेल, तर शरीरातले पाणी कमी झाले आहे आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका आहे. अशा वेळी मात्रेचा विचार दुय्यम. आधी उपचार घ्या.

प्रश्न : आजारपणामुळे सेमाग्लुटाइड १ मिलिग्रॅमची तीन इंजेक्शने चुकली. आता पुन्हा १ मिलिग्रॅमनेच सुरू करू, की अगदी पहिल्यापासून?

उत्तर : तुमच्या शेवटच्या इंजेक्शनला चार आठवडे झाले आहेत, म्हणजे औषध चार वेळा निम्मे झाले. नियमित १ मिलिग्रॅम घेत असताना इंजेक्शननंतर शरीरात जे सुमारे २ मिलिग्रॅम असे, त्यातले आज सुमारे ०.१२ मिलिग्रॅम उरले आहे. ०.२५ चे पहिलेवहिले इंजेक्शन घेऊन आठवडा झालेल्या माणसाच्या शरीरात जवळपास तेवढेच औषध असते. हे लक्षात घेतले की एकदम १ मिलिग्रॅम घेणे किती मोठी उडी आहे ते कळते. सलग दोन किंवा अधिक इंजेक्शने चुकली असतील तर गरजेप्रमाणे मात्रा वाढवण्याचा क्रम पुन्हा सुरू करावा, असे वेगोव्हीच्या माहितीपत्रकात सांगितले आहे. पूर्वी तुम्हाला औषध कितपत सोसले होते, यावरून ०.२५ की ०.५ हे डॉक्टर ठरवतील. आजारातून नुकतेच उठला असाल आणि जेवण अजून पूर्ववत झाले नसेल, तर आणखी आठवडाभर थांबायलाही हरकत नाही. चुकलेली इंजेक्शने भरून काढण्यासाठी दोन एकत्र घेणे हा पर्याय कधीच नाही.

एकच इंजेक्शन चुकले असेल तर गोष्ट सोपी आहे. वेगोव्हीच्या बाबतीत पुढच्या इंजेक्शनला दोन दिवसांहून अधिक अवधी असेल, तर आठवताच घ्यावे; नसेल तर ते सोडून ठरलेल्या दिवशी पुढचे घ्यावे. टिर्झेपटाइड चुकल्यापासून चार दिवसांच्या आत घेता येते, आणि वार बदलायचा असेल तर दोन इंजेक्शनांत किमान ७२ तासांचे अंतर राखावे लागते.

प्रश्न : मला सेमाग्लुटाइड इंजेक्शनच्या तयार पेनमध्ये न मिळता छोट्या बाटलीत मिळते आणि इन्सुलिनच्या सिरिंजने १० युनिट घ्यायला सांगितले आहे. नवी बाटली दुसरीकडून आली आहे. महिना पूर्ण झाला, तेव्हा आता २० युनिट घेऊन मात्रा दुप्पट करू का?

उत्तर : बाटलीवरील तीव्रता वाचल्याशिवाय एक थेंबही घेऊ नका. युनिट ही सिरिंजवरील आकारमानाची खूण आहे. यू-१०० असे लिहिलेल्या सिरिंजवर शंभर युनिट म्हणजे एक मिलिलिटर. त्यात औषध किती, हे द्रावणाच्या तीव्रतेवर अवलंबून असते. जुन्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम औषध असेल तर १० युनिटमध्ये ०.२५ मिलिग्रॅम येते. नव्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असेल, तर त्याच १० युनिटमध्ये ०.५ मिलिग्रॅम येते, आणि २० युनिट घेतलेत तर मात्रा दुप्पट न होता चौपट होते. ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये अशा बाटलीतून घेतल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला. काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीस पट औषध घेतल्याच्या घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या आणि काहींना रुग्णालयात न्यावे लागले होते. आपली मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, प्रत्येक नव्या बाटलीसाठी तिचे युनिट किती होतात हे डॉक्टर किंवा औषधतज्ज्ञांकडून कागदावर घ्या, आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोर सिरिंज भरून दाखवा. बाटलीतले औषध कोणी तयार केले आहे याचा पत्ता लागत नसेल, तर मात्रा वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. ते घेऊ नये.

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह आहे. ती रात्री इन्सुलिन आणि सकाळी ग्लिमेपिराइड घेते. आता टिर्झेपटाइड सुरू केले आहे. तिच्या बाबतीत मात्रा वाढवताना वेगळी काळजी घ्यावी लागते का?

उत्तर : हो, आणि ती दर पायरीला घ्यावी लागते. टिर्झेपटाइड एकटे घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याची शक्यता कमी असते. परंतु इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांची जोड असली की ती वाढते, आणि जेवण कमी झाले की आणखी वाढते. म्हणून टिर्झेपटाइडची मात्रा वाढवण्याआधीच त्या दोन औषधांची मात्रा कमी करायची का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. वाढ झाल्यावरचे काही आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासून वहीत लिहीत जा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे या खुणा घरातल्या सर्वांना माहीत असू द्या. दुसरी गोष्ट डोळ्यांची. दृष्टिपटलावर मधुमेहाचे परिणाम आधीपासून असतील, तर साखर फार वेगाने खाली आणल्याने ते काही काळ बळावू शकतात. तिची दृष्टिपटलाची तपासणी वर्षभरात झाली नसेल, तर ती झाल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. तिच्यासाठी मी चार आठवड्यांऐवजी आठ आठवड्यांनी वाढवणे पसंत करीन.

प्रश्न : मी टिर्झेपटाइड घेते आणि गर्भनिरोधक गोळ्याही घेते. मात्रा वाढवताना गोळीवर परिणाम होतो असे ऐकले. खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. जठर मंदावल्यामुळे गोळी शरीरात नीट शोषली न जाण्याची शक्यता असते. म्हणून टिर्झेपटाइड सुरू केल्यानंतर चार आठवडे आणि प्रत्येक वाढीनंतर पुन्हा चार आठवडे, निरोध वापरणे किंवा गोळीऐवजी दुसरे गर्भनिरोधक साधन घेणे आवश्यक आहे. तुम्ही दर चार आठवड्यांनी मात्रा वाढवत असाल, तर वाढ चालू असेपर्यंतचा सगळाच काळ यात येतो, हे ध्यानात ठेवा. अशा वेळी गोळीखेरीजचे साधन निवडणे सोयीचे. गर्भधारणेचा विचार असेल तर औषध किती आधी बंद करायचे हे डॉक्टरांशी ठरवून घ्या. सेमाग्लुटाइडच्या बाबतीत ही मुदत किमान दोन महिन्यांची आहे.